घोडा कोणाचा? औरंगाबादच्या रिसाल्यांतील भरतीचे नियम

१६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि १९२१ मध्ये हिंदुस्थानी फौजेतील शिलेदारी पद्धत बंद झाली. या तीनशे वर्षांत आजच्या छत्रपती संभाजीनगराची नावे खडकी, फतेहनगर, औरंगाबाद अशी बदलत गेली. सत्ताही निजामशाहीकडून मुघलांकडे आणि मुघलांकडून आसफजाही निजामांकडे गेली. शहरात घोडदळाचा तळ मात्र या ना त्या रूपात कायम राहिला. घोडदळात नाव लागायचे तर दोन परीक्षा असत, एक स्वाराची आणि दुसरी घोड्याची. स्वार धडधाकट आणि घोडा मरतुकडा असेल तर उपयोग नसे. उलट घोडा उमदा आणि त्यावर बसलेला माणूस बाजारातून चार दिवसांसाठी धरून आणलेला असेल, तर तोही बाद. परीक्षेचे स्वरूप काळाप्रमाणे बदलले, पण प्रत्येक नियमाच्या मुळाशी एकच प्रश्न होता: घोडा कोणाच्या मालकीचा? तो सरकारचा असेल तर त्याची निगा राखली जाते की नाही हे पाहावे लागे. सरदाराचा असेल तर तो खरोखर आहे की नाही हे पाहावे लागे. स्वाराचा स्वतःचा असेल, तर तो मेल्यावर दुसरा कोण आणणार, हे आधीच ठरवावे लागे.

बारगीर आणि शिलेदार

मलिक अंबरच्या लढाईची भिस्त हलक्या घोडदळावर होती. समोरासमोर न भिडता शत्रूची रसद तोडायची, वैरण जाळायची आणि अंगावर फौज आली की डोंगरात पसार व्हायचे, या गनिमी पद्धतीला जड चिलखती स्वार कामाचा नव्हता. मुघल फारसी लेखनात या स्वारांना ‘बर्गी’ म्हटले आहे. त्यांत मराठ्यांचा भरणा मोठा होता. खडकीतील मालपुरा, खेळपुरा, परसपुरा आणि विठापुरा ही पुऱ्यांची नावे मालोजी, खेलोजी, परसोजी आणि विठोजी या मराठा सरदारांवरून पडल्याचे सांगितले जाते. सरदाराचा वाडा, त्याची पागा आणि त्याच्या पथकाची वस्ती मिळून पुरा होई. घोडदळाची रचना अशी शहराच्या नकाशातच उतरली होती.

दख्खनेत स्वारांचे दोन वर्ग होते. बारगिराला घोडा आणि हत्यार धन्याकडून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. शिवाजी महाराजांच्या लष्करात हे दोन्ही वर्ग होते, पण भर सरकारी पागेवर होता. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद नेमलेला असे. घोड्याला पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा यांची नेमणूक रचनेतच बसवलेली होती, कारण घोडा सरकारचा होता आणि तो लंगडला तर नुकसान सरकारचे होते. पावसाळ्यात फौज छावणीत राही. दसऱ्यानंतर मुलूखगिरीवर निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी केली जाई आणि परतल्यावर ती ताडून पाहिली जाई.

शिलेदाराची गोष्ट निराळी होती. घोडा त्याचा, म्हणून नफातोटाही त्याचा. लढाईत घोडा पडला तर त्याची रोजी पडे. त्यामुळे शिलेदार घोड्याला जपे आणि प्रसंगी नको तितका जपे. ज्या चढाईत जनावर गमावण्याची भीती, तिथे तो मागे राहण्याची शक्यता असे. घोड्याची मालकी स्वाराकडे दिली की खजिन्याचा खर्च वाचतो, पण लढण्याची उमेद मालकीच्या काळजीत अडकते, हा पेच पुढे दोनशेहून अधिक वर्षे सुटला नाही.

दाग आणि चेहरा

मुघलांनी दख्खन घेतल्यावर खडकीला जो नियम आला तो उत्तरेत आधीच पक्का झालेला होता. मनसबदाराला दोन आकडे मिळत. ‘जात’ हा त्याचा दर्जा आणि ‘सवार’ म्हणजे त्याने बाळगायच्या स्वारांचा हिशोब. स्वारांचा पगार सरकार मनसबदाराला देई, बहुधा जहागिरीच्या रूपाने. घोडे आणि माणसे त्याने जमवायची. अशा व्यवस्थेत लबाडीची जागा उघड आहे: कागदावर हजार स्वार दाखवायचे, तळावर तीनशे ठेवायचे आणि उरलेल्यांचा पगार खिशात घालायचा. पाहणीच्या दिवशी शेजारच्या सरदाराचे घोडे उसने आणायचे, नोकरचाकरांना शिपायाचे कपडे चढवायचे आणि वेळ मारून न्यायची. अकबराच्या दरबारातील इतिहासकार बदायुनी याने अशा प्रकारांचे तिखट वर्णन केले आहे.

यावर उपाय म्हणून दाग आणि चेहरा यांची पद्धत आली. घोड्याला डाग देण्याची कल्पना अलाउद्दीन खलजी आणि शेरशाह यांनी वापरलेली होती. अकबराने ती १५७३-७४ च्या सुमारास नव्याने आणि काटेकोरपणे सुरू केली. तापवलेल्या लोखंडी ठशाने घोड्याच्या कातडीवर खूण उमटवली जाई. ऐन-इ-अकबरीतील माहितीप्रमाणे आधी ‘सीन’ या अक्षराच्या शिरोभागासारखी खूण घोड्याच्या मानेच्या उजव्या बाजूस दिली जाई. मग खुणेचे आकार बदलत गेले आणि अखेर आकड्यांचे ठसे आले. आकड्याचा फायदा असा की घोडा पुन्हा पाहणीला आला की नवा आकडा पडे, आणि तो आधी किती वेळा हजर झाला हे अंगावरच वाचता येई. एकदा डाग पडलेला घोडा दुसऱ्याच्या नावावर दाखवणे अवघड झाले.

घोड्याची जातही नोंदली जाई. ऐन-इ-अकबरीत अरबी, इराकी, मुजन्नस, तुर्की, याबू, ताजी आणि जंगला अशी सात प्रतींची वर्गवारी आहे, आणि स्वाराचा पगार घोड्याच्या प्रतीवर ठरे. सर्वांत वर अरबस्तान आणि इराणची जनावरे, मध्ये तुर्की आणि त्यांचे संकर, खाली देशी घोडी. दहा स्वारांमागे वीस घोडे असा ‘दह-बिस्ती’ म्हणून ओळखला जाणारा हिशोब होता: तीन स्वार प्रत्येकी तीन घोड्यांचे, चार स्वार दोन घोड्यांचे आणि तीन स्वार एका घोड्याचे. लांब मोहिमेत घोडा बदलता आला नाही तर स्वार पायदळात जमा होतो, हा अनुभव या गणिताच्या मागे होता.

माणसाची ओळख ‘चेहरा’ या कागदाने पटवली जाई. त्यात स्वाराचे नाव, बापाचे नाव, कौम, राहण्याचे ठिकाण, रंग, उंची आणि मग चेहऱ्याचा तपशील येई: कपाळ रुंद की अरुंद, भुवया जुळलेल्या की सुट्या, डोळे कसे, नाक कसे, देवीचे व्रण, तीळ, जुन्या जखमेची खूण. त्याखाली घोड्याचा रंग, कपाळावरचा पांढरा ठिपका, पायांवरची पांढरी खूण आणि दागाचा आकार. छायाचित्र नसलेल्या काळात माणूस आणि घोडा शब्दांत पकडून ठेवण्याची ही रीत होती. फेरतपासणीला ‘तसहीहा’ म्हणत. तेव्हा कागद हातात धरून समोरचा माणूस आणि जनावर ताडून पाहिले जाई. पेशवाईतील मराठी दफ्तरातही ‘चेहरे’ लिहिण्याची रीत रुळली आणि ‘चेहरेपट्टी’ हा शब्द मराठीत कायमचा राहिला. आज तो नुसत्या तोंडवळ्यासाठी वापरला जातो. त्याचे मूळ मात्र हजेरीच्या कागदात आहे.

शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील दख्खन सुभ्यांचे असे असंख्य कागद टिकले आहेत. त्यांतील ‘अर्ज-ओ-चेहरा’ हा प्रकार म्हणजे स्वार आणि घोड्यांच्या वर्णनाची हजेरीच होय. दख्खनच्या मुघल कारभाराचे केंद्र औरंगाबाद होते. हे दफ्तर पुढे हैदराबादला गेले आणि आज तेलंगणच्या राज्य अभिलेखागारात आहे. त्यातील निवडक कागद १९५० च्या दशकात छापलेही गेले.

दख्खनची सवलत

नियम कितीही काटेकोर असला तरी तो पाळण्यासाठी पैसा लागे आणि दख्खनेत तोच कमी होता. सततच्या लढाया आणि दुष्काळ यांमुळे येथील जहागिरींची कागदावरची ‘जमा’ आणि हातात पडणारा ‘हासिल’ यांत मोठी तफावत होती. शाहजहानने ती दोन प्रकारे मान्य केली.

पहिला प्रकार स्वारांच्या संख्येचा. मनसबदाराची जहागीर आणि नेमणूक एकाच सुभ्यात असेल, तर त्याने सवार दर्जाच्या एक-तृतीयांश स्वार हजर करावेत. जहागीर एका सुभ्यात आणि नेमणूक दुसरीकडे असेल तर एक-चतुर्थांश. बल्ख-बदख्शानच्या मोहिमेसाठी हे प्रमाण एक-पंचमांश केले गेले. म्हणजे तीन हजार सवारांच्या मनसबदाराला आपल्याच सुभ्यात एक हजार, परसुभ्यात साडेसातशे आणि बल्खला सहाशे स्वार दागासाठी आणावे लागत. दुसरा प्रकार महिन्यांचा. जहागिरीचे उत्पन्न वर्षभराच्या पगाराला पुरत नसेल, तर ती आठमाही, सहामाही, चौमाही अशा प्रमाणात धरली जाई. जसे महिने कमी, तसे स्वारामागचे घोडेही कमी. उत्पन्न घटले तर अट सैल करायची, हे धोरण नियमातच उतरले होते.

औरंगजेब १६३६ ते १६४४ आणि पुन्हा १६५३ पासून दख्खनचा सुभेदार होता. दुसऱ्या कारकिर्दीत त्याने खडकीला आपले नाव दिले. त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने शेतसाऱ्याची नवी घडी बसवली. घोडदळाच्या दृष्टीने या सुधारणेचा अर्थ सरळ होता. रयत परत शेतावर आली, वसूल वाढला तरच मनसबदार घोडे बाळगणार, आणि दागाची अट खरी होणार. बाहेरून आलेल्या राजपूत सरदारांनीही याच काळात शहरात आपापले पुरे वसवले. पदमपुरा, कर्णपुरा, भावसिंगपुरा, पहाडसिंगपुरा ही नावे त्यांची साक्ष देतात. बिकानेरचा राजा कर्णसिंह किंवा बुंदीचा भावसिंह येथे आला तो एकटा आला नव्हता. दागाला उभे करायचे स्वार, घोडे, मोतद्दार, नालबंद आणि गवतकापे असा सगळा जथा सोबत होता.

१६८२ मध्ये औरंगजेब बादशहा म्हणून दख्खनेत उतरला आणि पुढची पंचवीस वर्षे मोहिमांतच गेली. मनसबी वाढत गेल्या, पण वाटायला जहागिरी उरल्या नाहीत. ज्याला जहागीरच मिळाली नाही त्याच्याकडून घोड्यांचा हिशोब मागणे व्यर्थ होते. दागाचा नियम कागदावर राहिला आणि त्याच्या मागचा पैसा आटला. १७२४ नंतर आसफजाह निजामुल्मुल्काने औरंगाबादेतून दख्खनचा स्वतंत्र कारभार सुरू केला तेव्हा मनसब, दाग आणि चेहरा ही सारी भाषा त्याने तशीच चालू ठेवली. पुढे राजधानी हैदराबादला गेली आणि औरंगाबादेत सुभ्याचे ठाणे उरले.

असामी

एकोणिसाव्या शतकात शहराला पुन्हा घोडदळ मिळाले ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली. १८१६ मध्ये हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याच्या पुढाकाराने निजामाच्या काही स्वारांची नवी बांधणी झाली. त्यातून पुढे हैदराबाद कंटिंजंट उभे राहिले. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा, अशी ही फौज होती. तिची थकबाकी साचत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत तिच्या खर्चासाठी इंग्रजांकडे लावून देण्यात आला. या तहाप्रमाणे फौजेत दोन हजार स्वार ठेवायचे होते. औरंगाबादची छावणी तिच्या प्रमुख तळांपैकी एक होती. मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, आणि हिंगोली येथेही तिचे तळ होते.

या रिसाल्यांत भरतीचा पाया शिलेदारी होता. घोडा, खोगीर, तलवार, कपडे आणि तंबू यांची जबाबदारी स्वाराची. सरकार पगार देई आणि पुढे बंदूक व काडतुसे देऊ लागले. रिसाल्यातील एका स्वाराच्या जागेला ‘असामी’ म्हणत. असामी ही मालमत्ता होती. ती पैसे भरून मिळे, विकता येई आणि घराण्यात चालतही राही. एखाद्या वजनदार रिसालदाराकडे अनेक असाम्या असत. त्यांवर तो आपले बारगीर बसवी, पगार स्वतः घेई आणि बारगिराला त्यातला वाटा देई. मलिक अंबरच्या काळातला बारगीर येथे पुन्हा भेटतो, पण आता त्याचा धनी रिसाल्यातलाच दुसरा चाकर असे.

भरतीच्या वेळी कमांडिंग अधिकारी आधी घोडा पाही आणि मग माणूस. वय, उंची, दात, पाय आणि चाल तपासली जाई. घोडा नापसंत झाला तर दुसरा आणावा लागे. स्वारांचा स्वतःचा निकष वेगळा होता. दख्खनेत घोडा घेताना भोवरे पाहण्याची रीत जुनी आहे. देवमण हा भोवरा असलेला घोडा शुभ, अशुभ ठिकाणी भोवरा असलेला घोडा फुकट दिला तरी नको. साहेबाच्या पसंतीस उतरलेला घोडा केवळ भोवऱ्यापायी स्वाराने नाकारावा, असे दोन हिशोबांचे अंतर होते. मोठी अरबी जनावरे इराणी आखातातून मुंबईमार्गे येत. भीमा खोऱ्यातली भीमथडी घोडी लहान पण काटक म्हणून नावाजलेली होती. खंडोबाची माळेगाव यात्रा आणि सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा हे घोड्यांचे बाजार आजही भरतात.

घोडा मेला तर काय, या जुन्या प्रश्नाला शिलेदारी रिसाल्यांनी ‘चंदा’ हे उत्तर शोधले. प्रत्येक स्वार दरमहा ठराविक वर्गणी देई आणि चाकरीत मेलेल्या घोड्याची भरपाई त्या निधीतून होई. जोखीम एकट्याच्या खांद्यावरून सगळ्या रिसाल्यावर वाटली गेली. शिवाय दोन स्वारांमध्ये मिळून एक तट्टू आणि एक गवतकापा ठेवण्याची पद्धत होती. धान्य आणि वैरण महागली की मात्र ठराविक पगारात घोडा आणि कुटुंब दोन्ही पोसणे कठीण होई. मग सावकाराच्या दारी जाण्यावाचून गत्यंतर नसे.

जून १८५७ मध्ये औरंगाबादेतील कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यात उठावाची ठिणगी पडली. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेले जाणार, ही शंका स्वारांच्या मनात होती. पुण्याहून निघालेली जनरल वुडबर्नची पलटण शहरात आली आणि उठाव चिरडला गेला. पकडलेल्यांपैकी काहींना मृत्युदंड देण्यात आला. काला चबुतरा ही ती जागा मानली जाते आणि आजचा क्रांती चौक तिथेच आहे. शिलेदाराच्या दृष्टीने बंडाची किंमत दुहेरी होती. जीव वाचला तरी असामी जाई आणि तिच्यात गुंतलेली घराण्याची पुंजीही जाई.

शेवट

५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. मग कंटिंजंटला वेगळे अस्तित्व उरले नाही. १९०३ मध्ये सरसेनापती किचनरच्या फेररचनेत तिचे रिसाले हिंदुस्थानी लष्करात विलीन झाले. पहिला रिसाला विसावी डेक्कन हॉर्स झाला, दुसरा एकोणतिसावी लान्सर्स आणि चौथा तिसावी लान्सर्स. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुडजवळ विसाव्या डेक्कन हॉर्सने भाले रोखून चढाई केली.

शिलेदारी मोडली ती पहिल्या महायुद्धानेच. फ्रान्समध्ये मेलेल्या घोड्याच्या जागी दख्खनच्या बाजारातून दुसरा आणणे स्वाराला शक्य नव्हते, आणि चंद्याचा निधी अशा हानीसाठी बांधलेला नव्हता. सरकारला घोडे पुरवावे लागले. एकदा घोडा सरकारचा झाला की असामीला अर्थ उरला नाही. १९२१ मध्ये पद्धत रद्द झाली, एकोणचाळीस रिसाल्यांचे एकवीस झाले, आणि विसावी व एकोणतिसावी एकत्र येऊन आजची डेक्कन हॉर्स बनली. ती आता रणगाड्यांची रेजिमेंट आहे.

घोडा आणि स्वार यांची एकत्र परीक्षा घेण्याची लष्करी रीत खेळात उरली. ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो जंपिंग अशा तीन कसोट्यांचे इव्हेंटिंग पूर्वी ‘मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाई. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ते प्रथम आले तेव्हा त्यात फक्त लष्करी अधिकारीच उतरू शकत होते. पुढे नागरिकांना आणि १९६४ मध्ये स्त्रियांना प्रवेश मिळाला. दर्जाची अट किती कडक होती हे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दिसले. स्वीडनच्या ड्रेसाज संघातला एक स्वार प्रत्यक्षात सार्जंट होता. स्पर्धेपुरते त्याला अधिकारी केल्याचे ठरल्यावर पुढच्या वर्षी संघाचे सुवर्णपदक काढून घेण्यात आले. खोटा दर्जा दाखवून हजेरी लावण्याचा प्रकार दागाच्या जमान्यातल्या कारकुनाला ओळखीचा वाटला असता.

आजच्या आंतरराष्ट्रीय इव्हेंटिंगमध्ये वरच्या पातळीच्या स्पर्धेत उतरण्याआधी किमान पात्रता पुरी करावी लागते: ड्रेसाजमध्ये ४५ हून अधिक दंडगुण नकोत, क्रॉस-कंट्रीत अडथळ्यांवर दंड नको, जंपिंगमध्ये सोळाहून अधिक दंडगुण नकोत. घोड्याला पासपोर्ट असतो. त्यात त्याचा रंग, खुणा, भोवरे आणि लसीकरणाची नोंद असते, आणि मानेतल्या मायक्रोचिपशी ती ताडून पाहता येते. भारताने १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत या खेळात सांघिक आणि वैयक्तिक सुवर्ण मिळवले. वैयक्तिक सुवर्ण मिळवणारे रघुबीर सिंग एकसष्टाव्या कॅव्हलरीचे होते. ही रेजिमेंट आजही प्रत्यक्ष घोड्यांवर आहे. पासपोर्ट हा आजचा चेहरा आहे आणि मायक्रोचिप हा आजचा दाग. फरक एवढाच, की आता कातडी जाळावी लागत नाही.